उंद्रेदालची बेरी

बर्गनला नोकरी लागून आठवडाही झाला नव्हता. दुपारी सगळ्यांनी आपापले डबे उघडले. नॉर्वेतला डबा म्हणजे पावाच्या चार चकत्या, प्रत्येक दोन चकत्यांच्या मध्ये मेणकागद. शेजारी बसणाऱ्या बाईने एक तपकिरी ठोकळा माझ्यापुढे सरकवला आणि हातात मधोमध चीर असलेलं छोट्या उलथन्यासारखं काहीतरी दिलं. ते ठोकळ्यावरून अलगद ओढलं की चिरेतून पातळ पापुद्रा वर येतो. तो तोंडात टाकला आणि मी बोलायचीच थांबले.

बेरी. आमच्या आईच्या पातेल्यातली बेरी.

आई आठवड्याचं लोणी रविवारी कढवायची. तूप गाळून झालं की पातेल्याच्या बुडाशी तपकिरी गाळ राहायचा. त्यात चिमूटभर साखर घालून ती पातेलं आम्हा भावंडांपुढे ठेवायची. गोड, किंचित खारट, करपण्याच्या एक पायरी अलीकडचं. सात हजार किलोमीटरवर, एका परक्या टेबलावर, तीच चव. त्या ठोकळ्याचं नाव ब्रूनुस्त, म्हणजे तपकिरी चीज. बाई म्हणाली, "हे दुकानातलं आहे. शेळीच्या दुधाचं खरं खायचं असेल तर उंद्रेदालला जा."

नाव लक्षात राहिलं. जाणं झालं ते दोन वर्षांनी, जूनमध्ये.

उंद्रेदाल हे सोग्नेफ्योर्डच्या एका फाट्यावरचं गाव. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी डोंगर कोरून केलेली खोल दरी आणि तिच्यात आत शिरलेला समुद्र. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि सर्वांत खोल जागी तेराशे मीटर खोल. समुद्रापासून इतकं आत येऊनही पाणी खारटच, आणि त्याच्या दोन्ही काठांना भिंतीसारखे सरळ उभे डोंगर. या मोठ्या फ्योर्डचा एक फाटा औरलांदकडे जातो, आणि त्या फाट्यावर, एक ओढा जिथे पाण्याला मिळतो तिथे हे गाव. 'दाल' म्हणजे दरी, खोरं. माणसं शंभराच्या आत-बाहेर. शेळ्या त्यांच्या चौपट-पाचपट.

बर्गनहून आगगाडीने निघाले तेव्हा पाऊस होता. बर्गनला पाऊस नेहमीचाच, वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त. समुद्रावरून येणारे ढग किनाऱ्याच्या डोंगरांना अडतात आणि तिथेच मोकळे होतात. गाडी जसजशी आत सरकत गेली तसतसं आभाळ फाटत गेलं. सोग्नेफ्योर्डच्या आतल्या टोकाला लॅरदाल म्हणून खोरं आहे, तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो आणि शेतकरी पूर्वापार पाटाने पाणी देत आले आहेत. हे मला एका सहप्रवाशाने सांगितलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत गप्प बसून राहिले. महाबळेश्वरला ढग फुटतात आणि आमच्या माणदेशात धूळ उडते, हे मी शाळेत 'पर्जन्यछायेचा प्रदेश' म्हणून पाठ केलं होतं. आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. इतक्या उत्तरेला, बर्फाच्या देशात, त्याच छायेतून आपली गाडी चाललीय, हे मनात आलं आणि उंद्रेदालबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला. जिथे शेत थोडं आणि उतार फार, तिथे माणूस शेळीकडेच वळणार. शेळी म्हणजे गरिबाची गाय, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नाही.

मीरदाल स्टेशनवर गाडी बदलायची. तिथून फ्लोमपर्यंतची लाईन वीस किलोमीटरची, पण तेवढ्यात ती 866 मीटरवरून थेट समुद्राच्या पातळीला उतरते. आपल्या बोरघाटात चढ 37 ला 1 आहे, इथे 18 ला 1, आणि तेही साध्या रुळांवर, दातेरी चाकाशिवाय. वीस बोगदे आहेत, त्यातले अठरा माणसांनी हाताने खोदलेले. 1940 मध्ये लाईन सुरू झाली. फ्लोमला क्रूझची जहाजं लागतात, दुकानं गजबजलेली असतात, त्यावर फार लिहायची इच्छा नाही. मी तिथून बस पकडली.

बस पाच किलोमीटरच्या बोगद्यात शिरते. बाहेर आल्यावर क्षणभर एक हिरवं खोरं दिसतं, आणि मोठा रस्ता लगेच पुढच्या बोगद्यात जातो, तो तर अकरा किलोमीटरहून लांब. म्हणजे दोन बोगद्यांच्या मध्ये जेवढा उजेड पडतो, तेवढी ही दरी. गाड्या सुसाट पुढे निघून जातात. आमची बस मात्र तिथे वळली आणि ओढ्याच्या कडेने खाली उतरायला लागली.

हा रस्ता झाला 1988 मध्ये.

हा आकडा मी मनात पुन्हा पुन्हा घोळवला. गावातलं देऊळ, म्हणजे चर्च, साडेआठशे वर्षांहून जुनं. आणि गाडीरस्ता माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाचा. मधल्या सगळ्या काळात हे गाव पाण्यावर तोंड करून उभं होतं. नवरी यायची ती होडीतून, पत्र, मीठ, डॉक्टर सगळं होडीतून, आणि चीज बाहेर जायचं तेही होडीतूनच. आज आपल्याला वाटतं, बिचारं एका कोपऱ्यात पडलेलं गाव. पण होडीच्या काळात पाणी हाच हमरस्ता होता. त्या हमरस्त्याच्या काठाला वसलेलं गाव आडवाटेला कसं असेल? रस्ते डोंगरातून गेले, होडी मागे पडली, आणि गाव आहे तिथेच राहून आडवाटेचं झालं.

आमच्या गावाला रस्ता आणि मुक्कामी एसटी माझ्या जन्माआधी आली. एसटी आली तेव्हा आजोबांनी तिला नारळ फोडला होता, असं आई सांगते. पहाटे साडेपाचला ती गाडी निघायची आणि हळूहळू सगळं गाव तिच्यातून बाहेर गेलं. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला. आमच्या भागातली पोरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला, पार केरळपासून पंजाबपर्यंत पांगली. रस्ता दोन्ही दिशांना जातो, पण आमच्या रस्त्यावरून परत येणाऱ्यांची गर्दी मी फक्त जत्रेत पाहिली. म्हणून उंद्रेदालला उतरताना माझ्या मनात प्रश्न एकच होता. रस्ता आल्यावरही इथली माणसं राहिली कशी?

बसमधून उतरले आणि पहिल्यांदा आली ती आवाजाची जाणीव. घंटा. वर कुठेतरी, दिसत नव्हत्या अशा उंचीवर शेळ्या चरत होत्या आणि गळ्यातल्या घंटांचा आवाज दरीत खाली झिरपत होता. पाण्याच्या काठाला लाल, पांढरी, पिवळी लाकडी घरं दाटीवाटीने बसलेली. कारण सपाट जागाच तेवढी. एक दुकान, एक धक्का, ओढ्यावर पूल. ओढा इतका जोरात वाहतो की पुलावर उभं राहून बोलायचं तर आवाज चढवावा लागतो.

ज्यांच्याकडे चीज करताना बघायला जायचं होतं त्या बाई सत्तरीच्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. नॉर्वेजियन भाषेत आता सगळेच सगळ्यांना एकेरी बोलतात, आदरार्थी सर्वनाम जवळजवळ वापरातून गेलंय. पंतप्रधानालाही 'तू'. पण मराठीत लिहिताना त्यांना एकेरी लिहायला माझा हात धजत नाही. त्या मला आजीसारख्या वाटल्या, म्हणून अहो-जाहोच करते.

त्यांची बोली सोग्नची. मी शिकलेली भाषा शहरी, पुस्तकी. त्या 'मी' ला 'एग' म्हणत होत्या, मी 'याई' म्हणत होते. पहिला अर्धा तास मला निम्मंच कळलं. इथे बोलीचा कोणाला संकोच नाही. एकोणिसाव्या शतकात ईवार ओसेन नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा 1842 पासून चार वर्षं खेड्यापाड्यांतून फिरला, माणसं कशी बोलतात ते उतरवून घेतलं आणि त्या बोलींतून एक लेखी भाषा उभी केली. 1885 मध्ये तिला संसदेने शहरी भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. या भागातल्या शाळा, पाट्या, सरकारी कागद त्याच भाषेत असतात. पुण्याला कॉलेजात गेल्यावर पहिल्या महिन्यात मी 'शेरडं' म्हणायचं सोडलं आणि 'शेळ्या' म्हणायला लागले. ते त्या दिवशी, त्या ओट्यावर बसून आठवलं आणि वाईट वाटलं.

चीज करायची खोली घराच्या मागे. दार उघडलं तेव्हा वाफेचा लोट अंगावर आला, आणि त्या वाफेला दुधाचा, लाकडाचा आणि थोडा शेळीचा वास होता. शेळीचा वास ज्याला लहानपणापासून माहीत आहे त्याला तो कधी घाण वाटत नाही. मी खोल श्वास घेतला. बाईंनी ते पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या.

आधी दूध कोमट करून त्यात विरजणाऐवजी किण्वरस घालतात. वासराच्या पोटातला हा रस दूध दह्यासारखं नाही, तर खरवसासारखं एकसंध लावतो. मग ते कापायचं. कापलं की दाणे खाली बसतात आणि हिरवट, पातळ पाणी वर येतं. दाण्यांचं झालं पांढरं चीज. ते साच्यात दाबतात, फळीवर ठेवतात, रोज उलटतात आणि महिनोन्‌महिने मुरू देतात. त्यांच्या फळीवर ओळीने गोल गोळे बसले होते, बाहेरून करडे, भाकरीच्या पिठाचा हात फिरवल्यासारखे.

पण मी आले होते ती त्या पाण्यासाठी. चक्का बांधल्यावर किंवा पनीर गाळल्यावर उरतं ते पाणी, निवळ. आमच्याकडे आई ते कणकेत घालायची, जास्त असेल तर म्हशीच्या आंबोणात. जगात पुष्कळ ठिकाणी ते पूर्वी डुकरांना जायचं नाहीतर गटारात. इथे ते मोठ्या कढईत चढतं.

आणि मग ते आटवतात. आठ तास, कधी दहा तास.

मी सकाळी नऊला बसले होते. दुपारी बारापर्यंत पाणी पाण्यासारखंच दिसत होतं, फक्त पातळी खाली गेलेली. कडेला पिवळसर रेघा उमटत होत्या, एकाखाली एक, जणू कढई स्वतःच वेळ मोजत होती. बाई मध्येच येऊन फेस काढून टाकायच्या. दुपारी दोनच्या सुमारास रंग बदलायला लागला. आधी कोऱ्या साखरेचा पाक, मग उसाच्या काहिलीतल्या रसासारखा, मग दालचिनीचा. दुधातली साखर भाजली जात होती. त्यात आता थोडं शेळीचं ताजं दूध गेलं. चार वाजता वास पूर्ण पालटला आणि मी ओट्यावरून उठून कढईपाशी जाऊन उभी राहिले. तो रविवारचा वास होता, आईच्या स्वयंपाकघरातला.

शेवटचा टप्पा सगळ्यांत अवघड. कढईतला लगदा उलथन्यावरून धारेने न पडता गोळ्याने पडायला लागला की आच बंद, आणि मग ढवळायचं. निवेपर्यंत, न थांबता. थांबलात तर दुधातल्या साखरेचे बारीक खडे धरतात आणि चीज जिभेवर वाळूसारखं लागतं. बाईंच्या कढईला मोटरचं पातं होतं, तरी शेवटची दहा मिनिटं त्यांनी लाकडी वल्ह्यासारख्या दांड्याने स्वतः ढवळलं. म्हणाल्या, "यंत्राला कळतं, पण मनगटाला आधी कळतं." मग मला दांडा दिला. चार वेढे दिले आणि खांदा भरून आला. लगदा इतका जड, इतका चिवट, की दांडा त्यात नुसता सोडला तरी सरळ उभा राहत होता. त्यांनी एका थाळीत तो काढला, लाकडी चौकोनी साच्यात दोन्ही हातांनी दाबून बसवला, कोपरे अंगठ्याने भरले. कढईला जे चिकटून राहिलं होतं ते खरवडून चमच्याने माझ्या हातावर ठेवलं. न विचारता. खरवड ही हक्काने लहानांना द्यायची असते, हे त्यांनाही माहीत होतं.

खरं तर याला चीज म्हणू नये असं जाणकार सांगतात, कारण चीज दाण्यांचं होतं आणि हे उरलेल्या पाण्याचं. आपला शब्द लावायचा तर हा खवाच. नॉर्वेजियन लोक मात्र याला चीजच म्हणतात आणि त्यावर वाद घालत नाहीत.

या पाण्याने एका अख्ख्या खोऱ्याला हात दिल्याची हकिकत मी नंतर वाचली. गुदब्रान्सदाल नावाच्या खोऱ्यात, 1863 च्या उन्हाळ्यात, आन्ने होव्ह नावाच्या मुलीने डोंगरावरच्या गोठ्यात निवळ आटवताना त्यात साय घातली. वय सतरा. चीज जास्त दाट झालं, लोण्यापेक्षा चांगला भाव मिळायला लागला. पुढे 1880 च्या दशकात धान्याचे भाव पडले तेव्हा त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना याच तपकिरी चीजने तारलं. 1933 मध्ये, ती 87 वर्षांची असताना, तिला राजाचं पदक मिळालं. सतराव्या वर्षी केलेल्या कामाचं कौतुक सत्तर वर्षांनी. आपल्याकडे किती सुगरणींनी किती गावांना असं तारलं असेल, आणि त्यांचं साधं नावही कुठे लिहिलेलं नाही, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही.

उंद्रेदालची लढाई वेगळी होती. इथे दूध कच्चंच वापरतात, आधी तापवून जंतू मारत नाहीत. मोठ्या डेअऱ्यांसाठी केलेल्या नियमांत असं चीज बसत नव्हतं आणि ते उघडपणे विकणं अवघड होऊन बसलं होतं. हार मानून कढया उलट्या घालणं सोपं होतं. गावाने तसं केलं नाही. स्वच्छता पाळून, तपासण्या देऊन, कागदपत्रं करून त्यांनी आपलं चीज विकायचा हक्क मिळवला. या कामात पुढे होती ती मूळची फ्रान्सची एक बाई, इथे येऊन राहिलेली. ज्या चवीशी गावातल्यांचा जन्मापासून संबंध, तिची किंमत बाहेरून आलेल्या माणसाला लवकर दिसते, असं पुष्कळदा होतं.

संध्याकाळी देवळात गेले. मी देऊळच म्हणते. बाहेरून ते एका पांढऱ्या घरासारखं दिसतं, टेकाडावर, भोवती थडगी. आत बसायला चाळीस जागा. स्कँडिनेव्हियात आजही वापरात असलेल्या खांबांच्या चर्चांत हे सर्वांत लहान मानतात, आणि बांधकाम 1147 च्या आसपासचं धरतात. 'स्ताव' म्हणजे उभा खांब. दगडी पायावर लाकडी तुळया टाकायच्या, त्यांच्यावर कोपऱ्याकोपऱ्यांत खांब उभे करायचे आणि खांबांमध्ये उभ्या फळ्या खोवायच्या. जमिनीत खांब पुरले तर ओल लागून पन्नास-शंभर वर्षांत कुजतात, दगडावर उभे केले तर शतकानुशतकं टिकतात. मध्ययुगात नॉर्वेत अशी शेकडो चर्च होती, आज अठ्ठावीसच्या आसपास उरलीत. बर्गनजवळचं फांतोफ्तचं 1992 मध्ये कुणीतरी जाळलं. पुन्हा उभारलंय, मी ते पाहिलंय, सुबक आहे. पण लाकूड नवं आहे.

इथलं लाकूड जुनं होतं. छताला निळसर रंगावर चांदण्या रंगवलेल्या. मी बाकावर बसले, बाजूच्या खांबावर हात ठेवला. हाताखाली तासणीच्या खुणा लागत होत्या. सुताराने तो खांब तासला तेव्हा ज्ञानेश्वर जन्मायला सव्वाशे वर्षं होती. दर रविवारी इथे उपासना होत नाही, लोकसंख्या तेवढी नाही. पण चर्चची डागडुजी, रंग, गवत काढणं हे गाव मिळून करतं. त्याला नॉर्वेजियनमध्ये 'दुगनाद' म्हणतात. एका दिवशी सगळ्यांनी जमायचं, काम करायचं, शेवटी एकत्र जेवायचं. कोणी पैसे घेत नाही. मी बाईंना म्हटलं, आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. त्यांच्या तोंडून तो चांगला वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाबरोबर वर कुरणाकडे गेले. चढ छातीवर येणारा. वाटेत त्याने पलीकडच्या कड्याकडे बोट दाखवलं, पाण्यापासून तीनशे मीटर वर, जिथे पक्ष्यानेच घर करावं अशा जागी, शेत होतं. स्तीगेन त्याचं नाव, म्हणजे शिडी. सारा वसूल करायला माणूस आला की घरचे शिडी वर ओढून घ्यायचे, असं सांगतात. अशी कड्यावरची घरं या फ्योर्डच्या काठाने बरीच होती. पुष्कळ रिकामी झाली. 1825 नंतरच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं नॉर्वेतून अमेरिकेला गेली. जो देश आज श्रीमंत म्हणून माहीत आहे, तो तेव्हा भुकेपायी माणसं बाहेर पाठवत होता.

"आता इथे बघ," म्हणत त्याने ओढ्याच्या दोन काठांकडे हात केला. एका काठावर गवत होतं, दगड दिसत होते, फुलं होती. दुसऱ्या काठावर बर्च आणि आल्डरचं दाट रान, आत पाऊलही पडणार नाही असं. त्या बाजूच्या शेतकऱ्याने तीस वर्षांपूर्वी शेळ्या विकल्या. बस, एवढंच. ज्या हिरव्या उतारांचे फोटो काढायला जग येतं, ते निसर्गाने मोकळे ठेवलेले नाहीत, शेळ्यांच्या दातांनी ठेवलेत. शेजारचा नेरॉयफ्योर्ड 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. वारसा म्हणून जे जपायचं, त्यात ही शेळीने चरलेली कुरणंही आलीच.

जमिनीचा त्यांचा कायदाही मी समजून घेतला. 'ओदेल' म्हणतात. शेत विकायचं झालं तर पहिला हक्क घराण्याचा, त्यातही थोरल्या अपत्याचा, आणि शेत अखंड राहतं, तुकडे पडत नाहीत. 1974 च्या कायद्याने या हक्कात मुलींना मुलांच्या बरोबरीला आणलं. पण घेणाऱ्याने तिथे राहावं लागतं, शेत कसावं लागतं. आमच्या आजोबांची अकरा एकर आज चौदा नावांवर आहे. त्यातली एकही व्यक्ती तिथे राहत नाही. धाकट्या अपत्यांवर ओदेलमुळे अन्याय होतो, हे खरं आहे आणि अमेरिकेच्या जहाजांत तीच जास्त होती. तरी त्या कुरणावर उभी असताना मला चौदा नावांचा आमचा सातबारा डोळ्यांपुढे दिसत होता.

तेवढ्यात शेळ्यांनी आम्हाला पाहिलं. त्या एकदम आल्या, घंटा वाजवत, करड्या, पांढऱ्या, काळ्याबांड्या. एकीने माझ्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यात ती आडवी, पिवळ्या बुबुळातली काळी पट्टी. 2003 च्या दुष्काळात आजीकडे तीन शेरडं होती. चारा नव्हता, टँकरचं पाणी माणसांना पुरत नव्हतं. दोन विकली. तिसरं विकायला वडील निघाले तेव्हा आजी दाराच्या चौकटीत बसली आणि उठलीच नाही. "शेरडू हाय तवर चूल हाय," म्हणाली. त्या उन्हाळ्यात ती बाभळीच्या शेंगा गोळा करत दिवस-दिवस फिरायची. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. मी चिडले होते, तिला काही बोललेही होते.

शेळीने ओढणी सोडली नाही. मीही ओढली नाही.

त्या डिसेंबरात घरी गेले तेव्हा बॅगेत ब्रूनुस्तचा ठोकळा होता, मेणकागदात, वर दोन स्वेटर गुंडाळून. आई आता आटपाडीला एकटीच राहते. तिने ठोकळा उलटसुलट करून पाहिला, वास घेतला, विळीवर त्याचा तुकडा कापला. चीर असलेलं ते हत्यार मी आणलं होतं, पण तिने बघितलंही नाही. तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"बेरी की गं ही."

मी तिला सगळं सांगितलं. कढई, दहा तास, निवळ आटवणं, चाळीस माणसांचं देऊळ, उतारावरची शेरडं. शेरडंच म्हणाले. ती ऐकत होती आणि मध्येमध्ये अजून एक तुकडा कापत होती. मग उरलेला ठोकळा तिने कागदात गुंडाळला, डब्यात घातला, डबा फडताळात वर ठेवला आणि म्हणाली, "पाणीसुद्धा टाकत न्हाईत म्हणजे. तुझी आजी पाहिजे होती बघायला."

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. उद्या बाजाराचा दिवस आहे, आणि एका करडाला आता काय पडतं, ते ती फोनवर शेजारच्या भावजींना विचारत होती.